अंबूकी

शाळेत मास्तर ‘दूरदृष्टी’ हा शब्द शिकवतात. पोरं तो पाठ करतात आणि विसरतात. कवठे महांकाळच्या अंगाला असलेल्या आमच्या गावात त्यालाच ‘अंबूकी’ म्हणतात. हा शब्द कुणी विसरत नाही, पण तो आला कुठून असं विचारलं की सगळ्यांची दातखीळ बसते. म्हणून मी सांगतो.

अंबूबाई विधवा. एक बैल आणि एक गाय, एवढाच तिचा संसार. एकाहत्तरच्या सुगीत जोंधळा मायंदाळ पिकला. गावाने कडबा विकून पोरांची लग्नं दणक्यात उडवून दिली. अंबूबाईने एक पेंढी विकली नाही. दारात कडब्याची गंज रचून भोवती काट्या लावल्या.

“पाऊस हटला तर जनावरं काय माती खात्याल व्हय?” ती म्हणायची.

लोक हसायचे. कुणी हात आखडला की त्याला म्हणायचे, “लय अंबूकी करतोस गड्या!” शब्द असा थट्टेतून जन्मला.

बहात्तरला पाऊस आलाच नाही. तेव्हा हसणारेच गाड्या जुंपून तिच्या दारात. पुढे सरपंच लालासाहेब.

“आवं काकू, गावाची जनावरं मराय लागल्यात आन् तुमी गंज राखत बसताय? येत्या सुगीला पेंढीला पेंढी परत देतो.”

ती गंजीला पाठ लावून आडवी झाली. दोघांनी तिला धरून बाजूला बसवलं. निम्म्याहून जास्त कडबा लालासाहेबांच्याच गोठ्यात गेला. याला आमच्याकडे न्याय म्हणतात!

तिचा बैल मेला. गाय बाभळीच्या पाल्यावर कशीबशी तगली. पुढच्या साली पाऊस झाला, पण बैलाविना अंबूबाईचं रान पडून राहिलं. बाकीच्यांना मात्र अक्कल आली होती. दारोदार जादा गंजी उभ्या राहिल्या आणि लोक मिशीला पीळ देऊन सांगू लागले, “यंदा अंबूकी केलीया.”

उन्हाळ्यात अंबूबाई लालासाहेबांच्या दारात गेली. गाय गाभण होती, पण हाडं वर आलेली.

“लालासायब, माझा कडबा द्या. सगळा नगं. गाय व्यायपतूर पुरंल एवढाच द्या.”

लालासाहेबांनी तोंड वाईट केलं. “आवं काकू, खायचा कडबा सपला. ही गंज ऱ्हायलीया ती अंबूकीची. तिला हात लावायचा नसतो, हे तुमीच शिकवलं न्हवं आमाला?”

ओसरीवरचे लोक खो खो हसले. अंबूबाई रिकाम्या हाताने परत आली.

गाय वासरू पोटात घेऊनच मेली. लालासाहेबांची गंज पुढच्या पावसात भिजली आणि जागीच कुजून गेली.