रिकाम्या शेताजवळचा थांबा

ईनस पीटरशाइमने हिवाळा तोंडावर आलेला असताना लिलावातून जो घोडा आणला, तो आधी शर्यतीत धावत असे आणि तिथे त्याचं नाव सार्जंट होतं. जन्मात कुणावर हात न उगारलेल्या आमिश पंथाच्या माणसाच्या दारात सार्जंट बांधलेला शोभत नाही, असं त्याची बायको सव्हिला म्हणाली, आणि घोड्याचं नाव सॅम पडलं. घोडा शांत होता, पायाचा चांगला होता, लहान मुलांना अंगाखांद्याला झोंबू देत होता. फक्त ओढ्याच्या अलीकडे, जिथे रस्त्याला लागून मक्याचं कापून मोकळं झालेलं शेत आहे, तिथे तो आपणहून थांबे. लगाम ओढा, चुचकारा, खाली उतरून पुढे धरून न्या, तो जागचा हलत नसे. घरातून निघून, ओटा उतरून, अंगण ओलांडून बग्गीत चढून बसायला एखाद्या म्हाताऱ्या माणसाला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ तो उभा राही आणि मग आपणच चालू लागे. परतताना पुन्हा तिथेच, पण थोडा कमी वेळ.

त्या शेतात घर नव्हतं. कधी असल्याचं कुणाला आठवतही नव्हतं. घोडा तर तीन परगणे पलीकडचा. या रस्त्याने तो पूर्वी आला असण्याचा संभवच नव्हता.

कुंपणापलीकडे राहणाऱ्या अल्टा नोल्टने हे ऐकलं तेव्हा ती मनापासून हसली होती. अल्टा मेनोनाइट पंथाची, आमिशांच्याच भावकीतली. तिच्या चर्चच्या मंडळीत मोटारीला मनाई नव्हती, पीटरशाइमांच्या मंडळीत होती, त्यामुळे गेली वीस वर्षं सव्हिलाला दाताच्या डॉक्टरकडे नेणं, ईनसच्या आईला दूरच्या दफनविधीला पोहोचवणं ही कामं अल्टाच्या काळ्या मोटारीची होती. माझी गाडी मी थांबवल्यावरच थांबते, असं ती ईनसला चिडवायची. तो म्हणायचा, "माझी थांबते तेव्हा निदान चालू तरी होते." अल्टाच्या मोटारीची बॅटरी थंडीत दगा द्यायची, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या वर्षी अल्टाच्या मनाला मात्र हसण्याची उसंत फारशी नव्हती. तिचा मुलगा कर्विन ओढ्यापलीकडच्या शेतावर राहत होता आणि त्याच्या बायकोला, लोइसला, दिवस गेले होते. मागच्या हिवाळ्यात त्यांचं पहिलं मूल हाती लागलं नव्हतं. त्यानंतर लोइस कित्येक महिने कुणाशी धड बोलली नाही. चर्चमध्ये बायका जवळ आल्या की ती कोटाची बटणं लावायला घ्यायची. आता तिने हसायला सुरुवात केली होती, पण ते हसू इतकं जपून होतं, की अल्टाला तिच्यापुढे बाळाचा विषय काढायचीही भीती वाटायची. ती गुपचूप लहान मोजे विणायची आणि कुणी आलं की टोपलीच्या तळाशी सरकवायची.

जानेवारीतल्या त्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता. दुपारी वारा सुटला आणि गोठाही दिसेनासा झाला. तेवढ्यात कर्विनचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या, अजून पुष्कळ दिवस होते तरी. सुईण गावाकडे अडकली होती आणि बर्फ हटवणारी गाडी पुढे आल्याशिवाय रुग्णवाहिकेला निघता येत नव्हतं. कर्विन हळू बोलत होता, लोइसला ऐकू जाऊ नये म्हणून. अखेर तो म्हणाला, "आई, तू ये. कशीही ये."

अल्टाची मोटार नुसती खाकरली आणि गप्प झाली. सुरू झाली असती तरी फाटकापर्यंत गेली नसती. अल्टा गुडघाभर बर्फातून शेजारी पोहोचली, तेव्हा तिचं एक वाक्य संपायच्या आत ईनस उठला. तो सॅमला बर्फगाडीला जुंपायला गेला. सव्हिलाने पोळपाटावरचं पीठ तसंच ठेवलं, हात धुतले आणि शाल डोक्यावरून घेतली. तिची आठ बाळंतपणं झाली होती आणि दुसऱ्यांची त्याहून जास्त तिने केली होती.

तिघं एका बाकावर बसली. ईनस लगाम धरून, सव्हिला मध्ये, अल्टा कडेला, आणि तिघांच्या मांड्यांवर एकच जाड रग. रस्ता कुठे संपतो आणि शेत कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. पांढऱ्या अंधारात घोड्याचे कान तेवढे अधूनमधून दिसत. आणि मग ते कान हलायचे थांबले, कारण घोडा थांबला होता.

कुठे थांबला ते कुणी सांगायची गरज नव्हती. अल्टाच्या अंगाचा तिळपापड झाला. लोइस तिथे एकटी तळमळत असेल आणि हा इथे उभा.

"हाक त्याला," ती म्हणाली.

"ऐकत नाही तो," ईनस म्हणाला. "हाकला तर जास्त वेळ घेतो. थांब जरा."

ती थांबली. वाऱ्याचा आवाज होता, बाकी काही नव्हतं. मग सॅमने मान हलवली आणि गाडी पुढे सरकली, आणि बऱ्याच वेळाने, ओढ्यावरचा पूल पायांखाली पोकळ वाजला तेव्हा, अल्टाच्या लक्षात आलं, की आपण बाकाच्या कडेला नाही. ती आत सरकून सव्हिलाला चिकटून बसली होती. सव्हिला ईनसला चिकटली होती. अल्टाच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा रिकामी होती आणि रग त्या जागेवरही नीट पसरलेला होता. तिने सव्हिलाकडे पाहिलं. सव्हिलाही त्या जागेकडेच पाहत होती. थंडीत माणसं एकमेकांच्या जवळ सरकतातच.

दाराशी कर्विन कंदील घेऊन उभा होता. वीज गेली होती. त्याने तिघांना आत घेतलं, आणि दार लावायच्या आधी ते थोडा वेळ तसंच धरून ठेवलं, कुणी मागून येत असावं तसं. मग लावलं.

पुढचं सगळं अल्टाला तुकड्यातुकड्यांनी आठवत राहिलं. लोइसचा घामेजलेला चेहरा, तिचं पुन्हा पुन्हा विचारणं की ह्या वेळेला तरी, ह्या वेळेला तरी. अल्टा पलंगावर तिच्या मागे बसून तिला छातीशी धरून होती, दोन्ही हातांनी. सव्हिला पायाशी होती. ईनस चुलीत लाकडं सारत होता आणि कर्विन त्याच्याजवळ भिंतीला टेकून उभा होता. बाळाचं डोकं आलं तेव्हा सव्हिलाचा चेहरा उतरला आणि ती हलेचना. नाळेचा वेढा गळ्याला होता, बाळ निळं पडत चाललं होतं. त्या क्षणी लोइस अचानक शांत झाली. तिने मान डावीकडे वळवली, जिथे कुणी नव्हतं तिथे, आणि एखादी सूचना ऐकून मान डोलवावी तशी डोलवली. तिने श्वास रोखला, मग सोडला. आणि बाळ रडलं.

मुलगा होता. लहानसा, रागावलेला, लालबुंद. कर्विन भिंतीला टेकल्या टेकल्या खाली बसला. सव्हिला हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. अल्टाने सुनेच्या केसांत तोंड लपवलं. वर्षभर छातीवर ठेवलेलं ओझं कुणी उचलून नेलं असं तिला वाटलं.

संध्याकाळी वारा पडला, रस्ता मोकळा झाला, सुईण येऊन गेली. दोघंही ठणठणीत आहेत, असं तिने सांगितलं, आणि लोइस झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी लखलखीत उन्हात तिघं परत निघाली. सव्हिला वाटेत अल्टाला म्हणाली, "मी गोठूनच गेले होते गं. तुझा हात वेळेवर पुढे आला म्हणून. किती अलगद काढलास तो वेढा."

अल्टाचे दोन्ही हात त्या वेळी लोइसच्या खांद्यांभोवती होते. ते सांगायला ती तोंड उघडणार होती, पण सव्हिलाचा चेहरा इतका निवांत होता, की तिने नुसती मान हलवली.

पूल गेला. मोकळं शेत आलं. ईनसने सवयीने लगाम सैल सोडले, पण सॅम थांबला नाही. मान खाली घालून, एकाच लयीत, तो त्या जागेवरून निघून गेला. ईनसला कोण आनंद झाला. "सुटली खोड," तो म्हणाला. "वादळाने शहाणा केला त्याला."

परतताना तो कुणाला उतरवायला थांबत असे, एवढंच अल्टाच्या मनात आलं. आज उतरायला कुणी नव्हतं. तिने तो विचार पुढे जाऊ दिला नाही. सॅम त्यानंतर तिथे कधीच थांबला नाही.

फेब्रुवारी सरता सरता मेपलच्या झाडांना गोड रस गोळा करायच्या बादल्या लागल्या, तेव्हा अल्टा शेवयांचं सूप घेऊन लोइसकडे गेली. लोइसच्या गालांवर रंग आला होता. कणीक मळता मळता ती मोकळेपणाने बोलत होती. सगळ्यांनी घाबरवलं होतं की झोप विसर, पण तिची एकही रात्र मोडली नव्हती. बाळ जरा कुरकुरलं, की कर्विन उठतो, असं ती म्हणाली. तिला पाजायला देतो, परत नेऊन निजवतो, आणि ती अर्धवट झोपेतच असते. "मी त्याला बोलून दाखवलं नाही अजून, आई. पण असा नवरा मिळायला नशीब लागतं."

अल्टा बाहेर आली. कर्विन अंगणात लाकडं रचत होता. तोही ताजातवाना दिसत होता. लोइसला विश्रांती मिळते ना, असं तिने विचारलं, तेव्हा तो संकोचून हसला. म्हणाला, त्याला जाग येईपर्यंत ती उठलेलीच असते. बाळाला घेऊन खोलीत फिरते आणि गुणगुणते. पीटरशाइमांच्या प्रार्थनेत म्हणतात तसलं, फार सावकाश, जुन्या जर्मनमधलं काहीतरी. कुठून शिकली कुणास ठाऊक.

"तू उठत नाहीस कधी?"

"वेळच येत नाही," तो म्हणाला. मग पुढचं लाकूड उचलत, "तिला विचारू नको हं. लाजेल आणि गायची बंद होईल. वर्षभर ऐकला नव्हता तिचा आवाज."

अल्टा त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या डोळ्यांखालची वर्षभराची काळी वर्तुळं गेली होती. "नाही विचारत," ती म्हणाली.

तेवढ्यात लोइस पिठाचे हात वर धरून स्वयंपाकघराच्या दारात आली आणि कॉफी झाल्याचं तिने सांगितलं. कर्विन लाकूड टाकून तिच्याकडे गेला. अल्टा तिथेच उभी राहिली, कारण बर्फावरून परतलेलं ऊन तिच्या डोळ्यांवर आलं होतं. ते माडीवरच्या खिडकीतही थेट शिरत होतं, जिथे पाळणा होता. बाळ आता जागं होईल, असं तिला वाटलं. तिने हाताने डोळ्यांवर सावली धरली आणि वर पाहिलं. खिडकीचा गुंडाळीचा पडदा हळूहळू खाली येत होता, झोपलेल्याला चाहूल लागू नये अशा बेताने, आणि काचेच्या तळाशी पोहोचून थांबला.