चिखलात रोवलेला नेचा

गोंडपिपरीकडच्या नाल्यातला काळा खडक रस्त्यासाठी फुटला, तेव्हा खुशालनं त्यावरचा नेच्याचा एक गड्डा वाचवून बल्लारपूरला आणला. नाला त्याच्या आईच्या, कांताबाईंच्या माहेरचा. तिथला एवढाच नेचा आता उरला होता.

लावायचं काम खुशालच्या बायकोनं, रश्मीनं घेतलं. ती वडशाकडची, धानाच्या घरची. बी.एस्सी. झाली तरी हात रोवणीचेच. मुळांना चिकटलेल्या दगडाच्या चिपा तिनं सोलून फेकल्या, कुंडीत चिखल केला आणि अंगठ्यानं गड्डा मानेपर्यंत दाबला. झोपलेल्या लहानग्या लेकीच्या, यशूच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी बाई ती; कुंडीलाही सकाळ-संध्याकाळ पाणी.

पानं काळी पडली. कांताबाई कुंडीकडे बघेनाशा झाल्या. ते रश्मीला लागलं.

एकदा मोरीपाशी यशूला न्हाऊ घालताना पोरीनं काहीतरी तोंडात घातलं. रश्मीनं झडप घालून काढलं तर दगडाची चीप, तीच फेकलेली. तिच्यावर नेच्याचा एक कोंब, तपकिरी, तान्ह्याच्या मुठीसारखा वळलेला. न्हाणीचं पाणी त्यावर उडालं होतं. संध्याकाळी पाहिलं तर मूठ उघडलेली, वरून हिरवी आणि खालून पांढरी पिठाळ. कोणी माती दिली नव्हती, कोणी विचारलं नव्हतं. रश्मी कितीतरी वेळ उकिडवी बसून बघतच राहिली.

मग तिनं कुंडी उपसली. सडलेलं कापलं, टणक राहिलेला तुकडा दोन दगडांच्या फटीत पालापाचोळा घालून ठेवला, कंद उघडाच. त्यावर उरलेली दोन पानं वळली की मगच ती दगड ओला करायची. उन्हाळा चढला तसे तिचे हात शिवशिवत, पण ती आवरून धरी.

"पाणी नाई टाकत काऊन वो? सुकून राह्यलं ना ते," कांताबाई शेवटी म्हणाल्या.

"सुकू द्या, आई. त्याले सुकता येते."

एका सकाळी फटीतून पांढुरकी, गुंडाळलेली शेंडी वर आली. कांताबाई कमरेवर हात ठेवून वाकल्या.

"बाप रे, काय जीवट हाय," त्या हळूच म्हणाल्या. जरा वेळानं त्यांनी खुशालला हाक मारली. नाल्याकडे फुटलेल्या दगडांचा ढीग अजून पडला असेल तर त्यात असाच सुकून राहिलेला नेचा शोधायला त्यांना तिथं जायचं होतं, आणि रश्मीलाही सोबत न्यायचं होतं.