गोदाचे पाहुणे

महिपत मास्तरांचा रविवारचा वर्ग गावदेवीच्या देवळात भरायचा. आठवडाभर शाळेत पाढे घोकून घ्यायचे आणि रविवारी देव, घर आणि गाव यांच्याविषयी सांगायचं, असा त्यांचा नेम. साल बावन्न. डोंबिवलीजवळच्या खाडीकाठी मिठागरवाल्या आगऱ्यांचं हे गाव. मास्तर मात्र देशावरचे.

"देव आधी घरात ओळखायचा," ते म्हणाले. "ज्यांच्यामुळे आपण आलो त्यांना हात जोडायचे. चला, बाप, आजा, पणजा, तीन नावं सांगा."

मास्तरांचे वडील पितृपक्षात अशीच तीन नावं घेत. पोरं धडाधड सांगू लागली आणि गोदापाशी गाडी अडली. देवीच्या साथीत आईबाप गेल्यावर ती मावशीकडे वाढत होती. "भिवा," एवढं बापाचं नाव सांगून ती खाली बसली.

"हिला आजाच नाय!" शालू फिसकन हसली.

पुढचे दोन रविवार गोदा आली नाही. मास्तर घरी गेले, तेव्हा मावशी बायजा म्हणाली, "ती बोलते, मना मानसंच नाय, मंग देवलात जाऊन काय करू?"

मास्तरांना जेवण गोड लागेना. शाळेचे दाखले चाळले, तर तिथेही नुसता भिवाच. शेवटी बायजानेच सुचवलं, "भिवाच्या घरची नावं मना ठाव नाय. हौसाबाईला इचारा. गोदाच्या आयशीचं लगीन तिनंच लावलं."

हौसाबाई गावची धवलारीण. लग्नं तीच लावायची; मांडवात गाण्यातून देवांना आणि दोन्ही घरच्या पितरांना नावानिशी बोलावणं धाडायची.

"नावं ठाव हायेत," तांदूळ पाखडत ती म्हणाली. "पर सांगनार नाय."

"का हो?"

"हाक मारली का पितर येतात. मंग उपाशी धाडायचे? तुमच्या देशावर चालत असंल."

मास्तरांना हसू आलं. "मग जेवायलाच बोलावू."

रविवारी पोरांनी मूठमूठ तांदूळ आणले. देवळामागे बायजाने चूल पेटवली. केळीच्या पानावर भात आणि चवळी वाढून झाली, तरी मावशीसोबत आलेली गोदा खांबाआडच उभी.

हौसाबाईने सूर लावला. भिवा. भिवाचा बाप धाकू. धाकूचा बाप काळुराम. झालं, असं मास्तरांना वाटलं. पण गाणं थांबेना. धाकूची बायको सगुणा आली. खाडीचं पाणी अडवणारा खारीचा बांध फुटला, तेव्हा पोटुशी असताना तिने माती वाहिली होती. मग आईकडची माणसं आली. मग शेजारची कमळा, जिने गोदाच्या आईला तान्हेपणी आपलं दूध पाजलं होतं.

"ती तर माझी आजी!" शालू ओरडली. मग चटईवर सरकून हळूच म्हणाली, "ये गो, हतं बस."

गोदा बसली. पानाकडे बघत तिने विचारलं, "एवढी सगली माझी?"

"अजून हायेत," हौसाबाई म्हणाली. "दम खाऊ दे."

गोदा खुदकन हसली आणि मास्तरांकडे वळली. "मास्तर, तुमची पणजी कोन?"

मास्तरांनी मनातल्या मनात उजळणी केली. तीन पुरुषांची नावं पाठ होती; पणजीचं नाव त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"आयशीला कागद लिवा," गोदा समजुतीने म्हणाली. "तिला ठाव असंल."

मास्तरांनी वाकून हौसाबाईच्या पायांना हात लावला. त्याच दुपारी त्यांनी आईला कार्ड टाकलं.