नेहमीचं पुडकं

दर शनिवारी दुपारी विजयाबाई इंदिरानगरहून बस बदलत दिंडोरी रस्त्यावरच्या वायनरीत जात. सुट्टीला आलेली मुंबईची जोडपी तिथे ग्लास फिरवत, वास घेत, एकमेकांना घोट देत. बाईंना त्या वाइनचं सोयरसुतक नव्हतं. त्या थेट शेजारच्या चीजच्या दुकानात शिरत. काउंटरवरची निकिता एकेका चीजचा पातळ काप हातावर ठेवी आणि विचारी, "कसं वाटलं, काकू?" मग बाई डोळे मिटून सावकाश सांगत, खारट आहे, मागून जरा अक्रोडासारखं लागतं. नवरा गेल्यापासून त्यांना असलं काही विचारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

या शनिवारी गर्दी होती. बाई दारात दिसताच निकिताने पुडकं पुढे केलं.

"तुमचं नेहमीचं बांधूनच ठेवलंय, काकू. उगाच ताटकळायला नको."

पोरीने आपुलकीने केलेलं, तिच्यावर चिडणार तरी कसं? "बरं केलंस," म्हणून बाई पाच मिनिटांत बाहेर पडल्या.

घरी फ्रिजमध्ये मागच्या तीन शनिवारांची पुडकी तशीच बांधलेली होती. चौथं त्यांनी वर रचलं. चीज त्यांना मुळात आवडतच नव्हतं.