जातानाची झडती

शरदरावांनी मारुतीला ओळखलं नाही. ज्या माणसाने मिलच्या गेटवर भर पाळीसमोर तुमचा सदरा उतरवला, त्याला तुमचं तोंडही आठवू नये, याला काय म्हणावं? खिशात निघालं काय, तर हात पुसायला घेतलेला मूठभर कापूस. "चोर," लेबर ऑफिसर शरदराव एवढंच बोलले होते. पुढे मिलच बंद पडली. मारुती लोकांच्या बागा करू लागला, पण तो शब्द अंगावरून उतरला नाही. शरदराव आता सांवेर रोडच्या नव्या कारखान्यांना माणसं कमी कशी करायची ते शिकवत होते, आणि त्यांना डिसेंबरच्या गुलाब प्रदर्शनातला कप हवा होता, म्हणून त्यांनी मारुतीला बागेच्या कामावर बोलावलं होतं.

"मागच्या साली सगळी रोपं मेली," ते म्हणाले. "जमिनीत किडे आहेत."

मारुतीने खुरपं घातलं. हुमणी निघाली. पांढरी, लठ्ठ, वळून बसलेली अळी. मुळं खाते, वरून पत्ता लागत नाही.

"औषध नको साहेब. वैशाखात दीड हात खणून माती उलथी टाकू. उरलेलं काम ऊन आणि साळुंक्या करतील."

महिनाभर त्याने तेच केलं. ढेकळं तापली, साळुंक्या अळ्या टिपून सुस्तावल्या, शेवटी त्याने निंबोळीची पेंड मिसळली. इतकी साफ माती त्याने कुणालाच करून दिली नव्हती. तरी रोज संध्याकाळी शरदराव फाटकाशी उभे.

"झोला दाखव. डबा उघड."

एक दिवस डबा उघडता उघडता मारुती थबकला. हा माणूस जाताना झडती घेतो, येताना नाही. मिलमध्येही कधी घेतली नाही. मजूर काहीतरी घेऊन जाईल, एवढंच याला ठाऊक. काही घेऊनही येईल, हे याच्या सात पिढ्यांना सुचलं नसेल.

आषाढात, गुलाब लावायला आठवडा उरला असताना, तो हातोदला मेहुण्याकडे गेला. तिथल्या कच्च्या शेणाच्या ढिगात बोटाएवढी हुमणी वळवळत होती. ती घेऊन घरी आला, तर बायकोने, अंबिकाने, नाक दाबलं.

"डब्यात हे काय भरताय हो?"

"साहेबांचे पोहे."

"मग वरून शेव पण टाका ना," ती म्हणाली आणि स्वतःच झाकण घट्ट लावून दिलं. गेटवरचं तिलाही माहीत होतं.

आठवडाभर डबा भरलेला आत गेला, रिकामा बाहेर आला. रिकामा डबा शरदराव रोज वाकून बघत. मग त्याने गुलाब लावले.

भादव्यात रोपं माना टाकू लागली. शरदरावांनी एक रोप ओढलं, ते मुळांवाचून हातात आलं. खालची माती हलत होती.

"तू तर जमीन साफ केली होतीस ना?"

"केली होती. तुम्ही रोज बघत होता."

"मग हे आलं कुठून?"

मारुती फाटकाशी गेला, शरदराव त्याच्या मागोमाग. सदरा काढून त्याने त्यांच्या हातात दिला.

"घ्या झडती. तुम्ही जातानाचीच घेता, साहेब. येताना डबा भरलेला असायचा."

शरदराव सदऱ्याकडे बघत राहिले, मग त्याच्या उघड्या छातीकडे. "तू मिलमधला," ते हळूच म्हणाले. "तो कापूस..."

"हां, तोच. सदरा ठेवा तुमच्याकडे. डिसेंबरात हाच मांडा."

आणि तो तसाच उघड्या अंगाने, भर रस्त्याने, घरी निघाला.