बिनगाठीची किनार

सुंदराला विमानाची भीती नव्हती. पडलंच तर सगळ्यांना घेऊन पडेल, त्यात आपण काय करणार, असं म्हणून तिने तो विषय कधीच मिटवला होता. तिला भीती होती ती मधल्या उतरण्याची. मुंबईहून एक विमान, मग अदिस अबाबा नावाच्या कुठल्याशा गावी उतरायचं, तिथे दुसऱ्या विमानाची वाट बघत बसायचं आणि त्यातून पुढे दार-ए-सलामला जायचं. बरोबर दोन पोरं. नूतन चार वर्षांची, पायाला भिंगरी लावल्यासारखी, आणि नितीन अजून अंगावर पिणारा. सांभाळायला देवाने हात दिलेले दोनच.

तिचा नवरा वाल्मिक सुरतेच्या गोडादऱ्यात मागाच्या कारखान्यात मास्टर होता. बंद पडलेला माग त्याच्या हाताला लगेच ओळख द्यायचा. दार-ए-सलामच्या एका कापडगिरणीच्या शेठने त्याला उचलून आफ्रिकेत नेलं, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. आता खोली मिळाली, कागद झाले, तिकिटं आली. दर रविवारी नाक्यावरच्या एसटीडीच्या दुकानात त्याचा फोन यायचा आणि सुंदरा नितीनला कडेवर घेऊन, नूतनचं मनगट घट्ट धरून उभी राहायची.

"सामाननी काळजी करू नको," तो फोनवर ओरडून सांगायचा. "सामान आपोआप पुढला इमानमा जास. मानसे नही जातस. तू फक्त पोरेस्ले धरी ठेव."

हे ऐकून तिचा धीर वाढण्याऐवजी होता तोही गेला. बॅगेला जायला वाट असते आणि पोरांना नसते, ही कसली व्यवस्था, असं तिला वाटलं.

तिच्या भीतीला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी सुरतेत प्लेगची साथ आली आणि अर्धी सुरत पळत सुटली. सुंदरा आणि वाल्मिकही गावाकडची, भुसावळची गाडी पकडायला उधन्याच्या स्टेशनावर गेले होते. फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल, त्यामुळे ओळखीचा माणूसही ओळखू येईना. दोन वर्षांची नूतन आईचा पदर धरून चालत होती. गाडी आली, लोंढा पुढे सरकला आणि सुंदराला पदर एकदम हलका लागला. मागे वळून बघते तो पदराला कोणी नाही. गाडी गेली, गर्दी थोडी पांगली, तेव्हा फलाटाच्या टोकाला नळाजवळ एका परक्या बाईच्या कडेवर नूतन सापडली. रडून रडून पोरीचा आवाज बसला होता. सुंदराला अजूनही कधीतरी काम करता करता पदर हलका लागायचा आणि तिचा हात आपोआप मागे जायचा.

साथ ओसरल्यावर ती सुरतेला परतली आणि तिने पोरीला बांधायला सुरुवात केली. त्यांची खोली वरच्या मजल्यावर होती, जिन्याला कठडा नाही, आणि पाण्याचा नळ खाली. मागावरून निघालेली साडीची एक लांब हिरवी किनार वाल्मिकने कशालातरी आणून ठेवली होती. पाण्याला जाताना सुंदरा तिचं एक टोक नूतनच्या कमरेला आणि दुसरं खाटेच्या पायाला बांधायची. पहिल्या दिवशी नूतनने घर डोक्यावर घेतलं. तेव्हा सुंदरा तिला म्हणाली, "रडू नको. बांधेल शे ना, मंग माय येतेच." आणि हंडा भरून ती खरोखर आली. असं रोज झालं, बांधलेलं असलं की आई येते. पुढे पुढे आई हंडा उचलायला लागली की नूतन स्वतःच किनार घेऊन खाटेपाशी जाऊन बसायची. शेजारच्या सरलाबाईने हे बघून "लेकरू आहे का वासरू" असा टोमणा मारला होता. सुंदराने तो गिळला. सरलाबाईच्या खोलीला कठडा होता, तिचं बोलायला काय जातंय.

सरलाबाईने फोनवर एकदा वाल्मिकलाही सांगितलं असावं. कारण निघायच्या आधीच्या रविवारी तो म्हणाला, "आनि नूतनले बांधीसन लई येऊ नको. तठे लोके हासतीन."

"नही बांधत," सुंदरा म्हणाली. घरी येऊन तिने किनार धुतली, वाळवली, घडी केली आणि हातातल्या पिशवीत दुपट्याखाली ठेवून दिली.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने मोठ्या बॅगेच्या कानाला लांबट चिठ्ठी डकवली आणि बॅग पट्ट्यावरून चालती झाली. सुंदरा तिच्याकडे बघत राहिली. अशीच एक चिठ्ठी पोरांना का लावत नाहीत, असं तिला त्या माणसाला विचारावंसं वाटलं. पण मागे रांग होती, आणि त्याने तिला हातानेच पुढे व्हायला सांगितलं. बाजूच्या कोपऱ्यात जाऊन तिने किनार काढली. एक टोक नूतनच्या कमरेला, दुसरं आपल्या कमरेला, वरून पदर. मग कुठे तिला नीट श्वास घेता आला.

विमानात शेजारी इच्छाबेन होत्या. कामरेजच्या, वयस्क, दार-ए-सलामला मुलाकडे चाललेल्या. गुडघे दुखायचे म्हणून पाय लांब करून बसलेल्या. सुंदरा गुजराती बोलते हे कळल्यावर त्यांनी तिला दशम्या दिल्या, लोणचं दिलं, आपल्या सुनेच्या तक्रारीही दिल्या. हीच बाई पुढच्या विमानातही असणार, म्हणजे तिच्या मागे मागे राहिलं तरी पोहोचता येईल, असं मनाशी धरून सुंदरा थोडी सैल झाली.

अदिस अबाबाला उतरल्यावर एका लांबलचक दालनात बाकांच्या रांगा होत्या आणि दोन्ही टोकांना दरवाजे. गणवेशातल्या एका मुलीने तिकीट बघून डावीकडच्या टोकाला बोट दाखवलं. सुंदरा तिथल्या बाकावर बसली आणि नितीनला पदराखाली घेतलं. पाजायला हात मोकळा हवा म्हणून किनारीचं आपल्या कमरेचं टोक सोडून बाकाच्या लोखंडी पायाला बांधलं. नूतन निमूट खाली बसून फरशीवर बोटाने रेघा ओढू लागली.

इच्छाबेन पलीकडे येऊन टेकल्या. त्यांची नजर हिरव्या पट्टीवरून चालत चालत बाकाच्या पायापर्यंत गेली.

"आ शुं, बेन? बकरी लईने नीकळ्यां छो के?" त्या हसल्या. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण समोरच्या बाकावरची एक गोरी पोरगीही टक लावून बघत होती, तिची आईही बघत होती. सुंदराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वाल्मिकचा आवाज कानात आला, लोके हासतीन.

"छोडी दो बिचारीने," इच्छाबेन म्हणाल्या. "अहींथी क्यां जवानी छे?" इथून ती जाऊन जाऊन जाणार कुठे, असा त्यांचा हिशोब.

सुंदराने बाकाच्या पायाची गाठ सोडली. किनार गुंडाळून नूतनच्या फ्रॉकच्या खिशात कोंबली. कमरेची गाठ तेवढी राहू दिली, ती फ्रॉकच्या पट्ट्यासारखी दिसत होती.

"माय, तू कोठे जाई राहिनी?" नूतनने विचारलं. किनार सोडली म्हणजे काहीतरी बदललं, एवढं तिला कळलं होतं.

"कोठेच नही. आठेच शे."

मग बराच वेळ गेला. नितीन झोपला, उठला, त्याने दुपटं ओलं केलं. सुंदरा ते बदलत होती तेवढ्यात वर कुठेतरी आवाज आला, न समजणाऱ्या भाषेत, मग थोड्याफार इंग्रजीत, आणि सगळी रांग एकदम उभी राहिली. इच्छाबेनने बाकाला धरून उठत सांगितलं की दरवाजा बदललाय, त्या टोकाच्या दरवाज्यातून जायचंय, उचला पाय. सुंदराने नितीनला खांद्यावर टाकलं, एक पिशवी दंडात, दुसरी हातात. "नूतन, पदर धर," ती म्हणाली, आणि पदराला ओढ लागली तशी चालू लागली.

मधल्या भागात दुसऱ्या एका विमानाची माणसं उतरून समोरून आली. उंच, घाईतली, हातात मोठमोठी गाठोडी. सुंदरा त्यांच्यातून वाट काढत, इच्छाबेनच्या पांढऱ्या अंबाड्यावर डोळा ठेवून चालत राहिली. दरवाजापाशी रांगेत उभं राहिल्यावर तिला पदर हलका लागला.

या वेळी तिने वळून बघायलासुद्धा वेळ घेतला. हे रोजचंच आहे, आपल्याला भास होतो, असं तिने स्वतःला सांगितलं. मग वळली. पदर नुसता लोंबत होता.

नितीनही हातातून निसटतोय असं वाटून तिने त्याला इतकं आवळलं की तो कळवळून रडायला लागला. त्या रडण्याने ती भानावर आली. "मारी छोकरी," ती इच्छाबेनना म्हणाली, पिशव्या होत्या तिथे टाकल्या आणि उलटी पळत सुटली.

गणवेशातली मुलगी मागून काहीतरी ओरडत आली. तिकिटाकडे बोट, दरवाजाकडे बोट, घड्याळाकडे बोट. सुंदराला तिचं सगळं कळलं आणि काहीच ऐकू आलं नाही. विमान जाईल. जाऊ दे. इथे भाषा येत नाही, कोणी ओळखीचं नाही, वाल्मिक तिकडे दारात उभा राहील आणि विमानातून कोणीच उतरणार नाही. तेही होऊ दे. पण पोरीला इथे टाकून कोणत्या तोंडाने त्याच्यासमोर उभी राहू? "नूतन," तिने हाक मारली. उधन्याला निदान लोक "छोकरी, छोकरी" म्हणून एकमेकांना विचारत होते. इथे "नूतन" हे नाव आहे हे तरी कोणाला कळणार होतं?

ती समोरून येणाऱ्या गर्दीत शिरली. दिसेल त्या लहान डोक्यावर हात ठेवत गेली, तीन वेळा परकी पोरं वळून तिच्याकडे बघायला लागली. एका काचेच्या दारातून बाहेर विमानं उभी दिसत होती, आणि ते दार उघडं होतं. नूतन त्या दारातून गेली असेल, तर? उघडं दार दिसलं की पोरगी थोडीच थांबतेय. सगळा दोष आपला. हसले असते लोक, हसून हसून किती हसले असते? दोन माणसांच्या नजरेपायी आपण स्वतःच्या हाताने गाठ सोडली. नळाजवळच्या त्या परक्या बाईला देवाने एकदा पाठवलं, तो दरवेळी कशाला पाठवेल? ती काचेच्या दाराकडे वळली.

वळता वळता तिला बाकांच्या पायांमधून काहीतरी हिरवं दिसलं.

ते जुन्या जागी होतं, डावीकडच्या टोकाला, आता रिकाम्या पडलेल्या रांगेत. नूतन फरशीवर बसली होती. पाठ बाकाला, पाय पसरलेले. ती रडत नव्हती, पण ओठ आत ओढून घट्ट धरला होता. कमरेपासून निघालेली किनार बाकाच्या त्याच लोखंडी पायाकडे गेलेली होती.

"मी बांधी लिधं," आईला बघून ती म्हणाली. "तू येशी ना मंग."

सुंदरा मटकन खाली बसली. पदर कोणाच्या तरी गाठोड्यात अडकून पोरीच्या हातातून सुटला असेल, आणि गर्दीत आई दिसेनाशी झाल्यावर नूतन शोधत फिरली नव्हती. तिला शोधणं माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की हरवल्यासारखं वाटलं की आपल्या जागेवर जायचं आणि बांधून बसायचं.

"चाल लवकर," सुंदरा म्हणाली आणि बाकाच्या पायाची गाठ शोधू लागली. गाठ सापडेना. किनारीचे दोन वेढे लोखंडाला दिलेले होते आणि पुढचं टोक नूतनने आपल्याच मांडीखाली दाबून धरलं होतं. चार वर्षांच्या पोरीला गाठ कुठून येणार. नूतन उठली तशी किनार आपोआप सुटून फरशीवर पडली.

इतका वेळ कोरडी राहिलेली सुंदरा तेव्हा रडली. नितीन रडतच होता. नूतनने दोघांकडे बघितलं आणि किनार उचलून आईच्या हातात दिली.

दरवाजापाशी पोहोचल्या तेव्हा रांग संपलेली होती. इच्छाबेन मात्र उंबऱ्यातच पिशव्यांच्या मधोमध खाली बसल्या होत्या, दुखऱ्या गुडघ्यांसकट. दोन गणवेशवाले त्यांना उठायच्या विनवण्या करत होते. "हुं नथी ऊठवानी," त्या त्यांना गुजरातीत समजावत होत्या. "छोकरी आवे पछी." सुंदराला बघून त्यांनी हात वर केला, आणि दोघांनी मिळून त्यांना उभं केलं. त्यांच्या डोळ्यांच्या कडा लाल होत्या. सुंदराच्या कमरेला पदरावरून, उघड उघड बांधलेली हिरवी किनार त्यांना दिसली. तिची एक पिशवी त्यांनी स्वतःकडे घेतली.

विमान सुटलं तेव्हाही सुंदराचे गुडघे थरथरत होते आणि ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं. नूतन बराच वेळ त्या गुडघ्यांकडे बघत होती. मग तिने दोघींच्या मधली किनार ओढून बघितली, घट्ट आहे ना म्हणून.

"आते घाबरू नको, माय," ती म्हणाली. "तुले बांधेल शे."