बसंतीबाईचा ढावलो

जमनीने सुनीलच्या हातातला मोबाइल हिसकावून घेतला, हातभर लांब धरला आणि पडद्यावरच्या इंग्रजी ओळींकडे वाचता येत असल्यासारखं रोखून पाहिलं. मग तो तसाच लेकाच्या मांडीवर टाकला.

"काय लिवलं हाय?"

"बंद केलं म्हनते, याडी. सरकारच्या आदेशानं ही साइट उघडत नाही."

"काहून?"

"तिच्यावर कोनीतरी चोरीचे सिनेमे टाकले. सिनेमावाले कोर्टात गेले. मंग मोबाइलवाल्यानं सारी साइटच बंद करून टाकली."

"तुह्या आजीनं कोनता सिनेमा चोरला?"

शेजारी बसलेली सुनीलची बहीण संगीता हसली, तशी जमनीने तिच्याकडे असं पाहिलं की ती ओढणीने घाम पुसायला लागली.

तांड्यात रेंज मिळायची ती फक्त सेवालाल महाराजांच्या देवळाच्या ओट्यावर. म्हणून परवावर लग्न आलेलं असताना नवरी, नवरीची आई आणि पुण्याहून सुट्टी काढून आलेला भाऊ असे तिघे वैशाखाच्या दुपारी तिथे भाजत बसले होते. घरी गहू निवडायचे तसेच पडले होते. हे लग्न खरं तर दिवाळीनंतरच व्हायचं. पण बोंडअळीने कापूस खाल्ला, दोन वेच्यांतच पऱ्हाट्या उपटाव्या लागल्या आणि तारीख पुढे गेली. बँड रद्द झाला, आचारी रद्द झाला. निदान ढावलो तरी नीट व्हावा, असं जमनीने धरून ठेवलं होतं.

ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या नवरीने एकेकाच्या गळ्यात पडून गात गात रडायचं. आईच्या गळ्यात पडून वेगळं, भावाच्या गळ्यात पडून वेगळं. त्याला चाल असते, शब्द असतात. नुसतं भोकाड पसरलेलं तांड्यात चालत नाही. संगीता यवतमाळला होस्टेलवर राहून नर्सिंग शिकलेली. तिला सुई टोचता यायची, ढावलो येत नव्हता. पोरीला तो आईनेच शिकवायचा असतो, आणि इथेच सगळं अडलं होतं.

बत्तीस वर्षांपूर्वी जमनीला न्यायला वरात आली, तेव्हा रीत नसताना तिची सासू बसंतीबाईही गाडीत बसून आली होती. जमनी आईच्या गळ्यात पडून जीव तोडून गायली. ती गाडीत चढली, तर सासू सगळ्या बायांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "कावळीवानी कावकाव करते हो सून!" बाया खो खो हसल्या. त्या दिवसापासून जमनीने गळा म्हणून उघडला नाही. कापूस वेचताना बाकीच्या बाया गायच्या, ही मुकाट ओटी भरायची. आणि बुढीचा स्वतःचा गळा दहा तांड्यांत नावाजलेला! नऊ वर्षांपूर्वी लोकगीतं गोळा करणाऱ्या नागपूरच्या विमलताई खास तिचा ढावलो रेकॉर्ड करायला आल्या, तेव्हाही जमनी मुद्दाम वावरात निघून गेली होती. विमलताईंनी साइटवर टाकलेलं ते गाणं तिने कधी ऐकलं नाही. बुढी जाऊनही आता चार वर्षं झाली. पण आपल्या पोरीवर कोणी हसू नये यासाठी आज तिला त्याच बुढीचा आवाज हवा होता, आणि याचाच तिला जास्त संताप येत होता.

"विमलताईले फोन लाव ना."

"लावला. त्या म्हनते, सारं त्याच साइटवर हाय. मीच उतरवून ठेवतो ठेवतो म्हनत राह्यलो."

"तुहं सारं असंच असते."

सुनीलने खाली मान घालून व्हीपीएन नावाचं काहीतरी मोबाइलमध्ये घेतलं. त्याने आधी एक जाहिरात दाखवली. तिच्यात एक बाई केस उडवत नाचत होती.

"हे काय हाय?"

"हे पाहाच लागते, फुकटचं हाय ना. याच्यानं मोबाइलवाल्याले आपन कोनती साइट पाहून राह्यलो ते दिसत नाही. आन् साइटले वाटते आपन हॉलंडात बसलो हाओत."

"म्हंजे खोटं बोलाचं. देवळाच्या ओट्यावर बसून!" जमनी कडाडली. "आपल्या घरच्या बुढीचा आवाज आयकाले परदेशात कायले जा लागते रे?"

रेंज गेली. आली. नाचणारी बाई पुन्हा आली. दोनदा हॉलंड तुटलं, मग सिंगापूर जोडलं. जमनी उठून गव्हाकडे निघालीच होती, तेवढ्यात मागून कोणीतरी खाकरलं. ते खाकरणं तिने अठ्ठावीस वर्षं एका घरात ऐकलं होतं. ती जागच्या जागी थांबली.

"हा ढावलो कोणाचा, बाई?" विमलताईंचा आवाज.

"माह्या सुनेचा," बसंतीबाई म्हणाली. "माहा मी कवाच विसरली. हा ती निंगाली तवा आयकला. गाडीतून उतरून जवळ उभी राह्यली, आन् ध्यानात ठेवला. असा गळा दहा तांड्यांत नाही."

"त्यांना सांगितलंत कधी?"

"नव्या सुनेले चांगलं म्हनाचं नसते. नजर लागते. मी सार्‍यायच्या समोर तिले कावळी म्हनली." बुढी पुन्हा खाकरली. "नजर नाही लागली. पन पोरगी पुन्हा गायलीच नाही."

मग ती गायला लागली. दोन ओळी झाल्या आणि आवाज थांबला.

"इथून वर चढते. मले नाही जमत. ते तिलेच येते. थांबा जराशा, वावरात गेली हाय, दिवस बुडाले येईन."

"माझी चारची एसटी आहे हो," विमलताई म्हणाल्या, आणि पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं.

"तुटलं," सुनील म्हणाला. "थांब याडी, पुन्हा जोडतो. जाहिरात पाहा लागन फक्त."

"ठेव तो खिशात."

जमनी परत येऊन ओट्यावर बसली. पदराने तिने तोंड पुसलं, ते लवकर आटोपेना. मग संगीताचं डोकं तिने ओढून आपल्या खांद्यावर घेतलं आणि तोंड उघडलं. पहिला सूर खरंच कावळीसारखा निघाला. ती थांबली, खाकरली.

"हासू नोको," ती म्हणाली.

"मी कुठं हासली, याडी?"

"आन् मी म्हनते ते नीट आयक. पुढं ते वर चढते. तिथल्यासाठी श्वास राखून ठेवाचा."